म्हशीची माफी

उमरीकर मामांनी मला आयुष्यात एकदाच कुणाची माफी मागायला लावली, आणि तीसुद्धा म्हशीची.

मी मागितली. शाळेत हेडमास्तरांपुढं उभा राहायचो तसा, हात जोडून, मान खाली घालून. म्हैस रवंथ करत होती. मामा मागं प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सूचना देत होते. "मोठ्यानं बोल. तेलुगू म्हैस आहे, मराठी जरा कमी समजते तिला."

"चुकलं," मी म्हणालो.

"काय चुकलं ते सांग. खामखा माफी घेत नाही ती."

"सलाम न घेता विमान उडवायला निघालो होतो."

म्हैस उठून दुसरीकडं जाऊन बसली. मामा म्हणाले, "नामंजूर. पण चहा पी, ये."

हैदराबादच्या बाहेर एक आटलेलं तळं आहे. पावसाळा सरल्यावर काही दिवस त्यात पाणी असतं, मग म्हशी असतात, आणि रविवारी सकाळी आम्ही असतो. आम्ही म्हणजे छोटी विमानं उडवणारे लोक. या विमानात माणूस बसत नाही. तो जमिनीवर उभा राहून हातातल्या ट्रान्समीटरवर ते चालवतो. मी सुरुवातीला त्याला रिमोट म्हणायचो. मामांनी ते ऐकलं की माझ्याकडं टीव्ही दुरुस्त करायला आलेल्या माणसाकडं बघावं तसं बघायचे.

मामा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. सगळी नोकरी सिकंदराबादेत झाली आणि घर काचीगुड्यात, वडिलांच्या वेळेपासून. त्यांच्या मराठीत दखनी शब्द जुन्या पाहुण्यांसारखे मुक्कामाला होते, आणि जायची घाई कुणालाच नव्हती. 'हळू' त्यांना माहीत नव्हतं, 'हल्लू' माहीत होतं. 'हो' ऐवजी 'हौ'. पुण्याहून आलेला आमच्यातला एक इंजिनिअर त्यांना म्हणाला, काका, तुमचं मराठी जरा वेगळं आहे. मामा म्हणाले, "हौ, वेगळंच आहे. आणि काका नक्को म्हणूस. काकाशी इस्टेटीवरून भांडावं लागतं. मामाकडं नुसतं जेवायला जायचं असतं." तेव्हापासून ते सगळ्यांचे मामा झाले, त्यांच्याहून वयानं मोठे असलेल्या सलीमभाईंचेसुद्धा. सलीमभाईंचं आबिड्सला घड्याळांचं दुकान आहे. त्या दोघांची दोस्ती इतकी जुनी होती की एकमेकांशी धड बोलायची त्यांना गरज पडत नव्हती. नुसते टोमणे पुरायचे.

मी किनवटचा. आमच्या घरातला पहिला पदवीधर. आबिड्सच्या एका ऑफिसात नोकरी लागली म्हणून या शहरात आलो. एका रविवारी स्कूटरवरून भटकत असताना तळ्यावरून येणारा आवाज ऐकला आणि थांबलो. एक पिवळं विमान आकाशात उलटं होऊन चाललं होतं. खाली एक उंच, वाळकेसे गृहस्थ कानटोपी घालून उभे होते आणि विमानाला शिव्या देत होते. विमान उतरल्यावर त्यांनी मला हाक मारली, कुठला, काय विचारलं नाही, नुसतं नाव विचारलं.

"वाठोरे," मी म्हणालो.

माझं आडनाव ऐकलं की मराठी माणूस एक क्षण थांबतो आणि मग पुढचा प्रश्न विचारतो. गाव कोणतं, गावात राहायला कुठं, वडील काय करतात. प्रश्न कुठलाही असो, त्याला काय विचारायचं आहे ते मला माहीत असतं. उत्तर मी तयार ठेवलेलं असतं. मामाही थांबले. मग म्हणाले, "चष्म्याचा नंबर किती?"

मी सांगितला.

"चालेल. याच्याहून वाईट डोळ्यांची माणसं आमच्याकडं उडवून राहिलीत. हे सलीमभाई बघ. घड्याळातली मुंगी दिसते त्यांना, समोरचं विमान दिसत नाही."

सलीमभाई शांतपणे म्हणाले, "आपका दिखने जैसा उडता तो देखते ना मामा."

त्या दिवसापासून मी तिथला झालो. मला मामांनी कधी नावानं हाक मारली नाही. ते मला ग्रॅज्युएट म्हणायचे. "ए ग्रॅज्युएट, ते पंख धर." "ग्रॅज्युएट, बिस्किटं संपली का तू संपवलीस?" माझ्या बापानं हमाली करून कमावलेला तो शब्द मामांच्या तोंडी इतका स्वस्त झाला की मलाही त्याचं ओझं वाटेनासं झालं. याबद्दल मी त्यांचे आभार मानायला हवे होते. मानले असते तर त्यांनी म्हशीकडं पाठवलं असतं.

सलामाची गोष्ट आता सांगायला हवी.

विमानाच्या पंखांच्या मागच्या कडेला दोन्ही बाजूंना एकेक हलणारी पट्टी असते. ट्रान्समीटरची दांडी उजवीकडं दाबली की उजवी पट्टी वर जाते, डावी खाली जाते, आणि विमान उजवीकडं कलतं. हे जर उलटं झालं, तर उजवीकडं म्हटल्यावर विमान डावीकडं जातं. माणूस घाबरून आणखी उजवीकडं दाबतो, विमान आणखी डावीकडं जातं आणि तिसरं काही सुचायच्या आत जमिनीत. म्हणून उडवण्याआधी विमानाच्या मागं उभं राहून दांडी हलवायची आणि पट्ट्या बरोबर हलतात का ते डोळ्यांनी बघायचं. जगभर हे करतात. आमच्याकडं त्याला सलाम म्हणत, कारण मामांच्या पिवळ्या विमानाचं नाव बेगम होतं आणि बेगम सलाम दिल्याशिवाय उडत नसे.

मामा म्हणायचे, "आमच्या केबिनमधी खटका ओढला की काम झालं असं समजणारा माणूस कायमचा घरी जायचा. खटका इथं ओढायचा आणि सिग्नल तिथं पडला का ते खिडकीतून बघायचं. पडला असेल, असं नाही. पडलेला बघितला, असं."

इथवर ठीक होतं. पण मामांचा स्वभाव ठीक नव्हता. ते तुम्हाला चहा आणायला पाठवायचे, आणि तुम्ही पाठ फिरवली की तुमच्या ट्रान्समीटरच्या झाकणाखालचा बारीक खटका फिरवून उजव्याचं डावं करून ठेवायचे. मग खुर्चीत जाऊन बसायचे आणि हवेची तारीफ करायला लागायचे. "काय हवा आहे. लोणी आहे लोणी." तुम्ही सलाम घेतला तर तुम्हाला उलटं दिसायचं. घेतला नाही, तर इंजिनाचा वेग वाढवायच्या क्षणी मामांचा हात तुमच्या हातावर पडायचा. "मेलास. आता ज्या म्हशीवर पडला असतास तिची माफी माग."

नियम दोन्ही बाजूंनी होता. तुम्ही उलटं पकडलं, तर माफी मामांनी मागायची. ती ते इतक्या थाटात मागायचे की पकडणाराच हरल्यासारखा दिसायचा. कानटोपी काढून, कमरेत वाकून, दरबारात आल्यासारखे हात हलवत, "हुजूर, गुस्ताखी माफ. पोरगं हुशार निघालं, माझी काय चूक?" म्हशींचा मालक मल्लय्या सुरुवातीला आम्हाला वेडे समजायचा. नंतर तो म्हशी मुद्दाम आमच्या बाजूला आणून बांधायला लागला. करमणूक व्हायची त्याची.

मामा उत्तम उडवायचे असं समजू नका. त्यांच्या इतक्या फजित्या मी पाहिल्यात की मोजणं सोडून दिलं. वाऱ्याचा अंदाज त्यांनी सांगितला की सलीमभाई उलट्या दिशेची तयारी करायचे. पण आपलं विमान पडलं हे मामांनी कधी मान्य केलं नाही. "पडलं नाही. उतरलं. जागा जरा चुकली." एकदा बेगम ताडाच्या झाडावर जाऊन बसली, पार शेंड्यात. मामा खाली उभं राहून म्हणाले, "पार्क केलंय." मग ताडी काढणाऱ्या माणसाला बोलावलं. तो सरसर चढला आणि पाठीला बेगम, कमरेला ताडीचं मडकं बांधून उतरला. आम्ही सगळे बेगमकडं धावलो. मामांनी आधी मडकं घेतलं.

त्यांच्या इंजिनाच्या तेलात एरंडेल असायचं, त्यामुळं रविवारी मामांच्या अंगाला, स्कूटरला, बिस्किटांनासुद्धा एरंडेलाचा वास यायचा. माझे बाबा किनवटहून पहिल्यांदा माझ्याकडं आले तेव्हा मी त्यांना तळ्यावर घेऊन गेलो. ते बराच वेळ बघत राहिले. मग मामांना म्हणाले, "एवढं शिकून पोरगं खेळणं खेळतंय व्हय?"

"हौ ना," मामा म्हणाले. "मी पण हेच बोलतो. एवढं शिकला आणि धड उतरवता येत नाही."

मग त्यांनी बेगम सुरू केली आणि बाबांना तिची शेपूट धरायला सांगितली. "सोडू नका. मी बोललो की सोडा." इंजिन गर्जायला लागलं, गवत मागं झोपलं, पण बेगम जागची हलेना. बाजार समितीत आयुष्यभर पोती उचललेले हात होते ते. मामा मुद्दाम उशीर करत होते हे मला कळलं. ते माझ्याकडं वळून ओरडले, "बघ ग्रॅज्युएट, ही पकड तुझ्या हातात यायला अजून दोन डिग्र्या लागतील." बाबा हसले. मी त्यांना परक्या माणसात असं हसताना क्वचित पाहिलं होतं. परत येताना बसमध्ये ते मधूनमधून तळहाताचा वास घेत होते. किनवटला जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं की हैदराबादला मी विमान धरून ठेवलं होतं. यात खोटं काहीच नव्हतं.

पुढं मामा एका रविवारी ट्रान्समीटर घेऊन आले आणि विमान घरी विसरले. आम्ही हसलो. "आज नुसती हवा तपासायला आलोय," ते म्हणाले. दुसऱ्या एका रविवारी चहात त्यांनी दोनदा साखर टाकली आणि म्हणाले, सलीमभाई इतकं कडू बोलतात, तोड पाहिजे. आम्ही पुन्हा हसलो. मामांच्या खोड्या वाढल्या आहेत असंच सगळ्यांना वाटलं. मग एके सकाळी ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले, माझ्याकडं निरखून बघितलं आणि विचारलं, "चष्म्याचा नंबर किती?"

मला वाटलं, टिंगल आहे. मी नंबर सांगितला.

"चालेल," ते म्हणाले. "याच्याहून वाईट डोळ्यांची माणसं आमच्याकडं उडवून राहिलीत. नाव काय तुझं?"

मी हसलो नाही. त्यांनी माझा चेहरा बघितला, आणि लगेच म्हणाले, "काय रे ग्रॅज्युएट, फसलास ना?" मी म्हणालो, फसलो. पण त्यांनी कानटोपी नीट करायला म्हणून जे हात वर नेले, ते बराच वेळ खाली आणले नाहीत.

थोड्याच दिवसांनी त्यांच्या मुलीचा, अनघाताईंचा पुण्याहून फोन आला. मामा घरी एकटेच राहायचे, मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. अनघाताई म्हणाल्या की बाबा सिकंदराबाद स्टेशनच्या फलाटाच्या टोकाला उभे सापडले. ड्यूटीवर आलोय म्हणत होते आणि केबिन कुठं गेली म्हणून लोकांना विचारत होते. ती केबिन केव्हाच पाडलेली आहे. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. त्या आता त्यांना पुण्याला नेणार होत्या.

"त्यांना स्वतःला कळतंय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला कळू नये एवढीच धडपड आहे. तुमच्यापुढं तर मुळीच नको म्हणतात. शेवटचा रविवार तेवढा त्यांना मामा म्हणून जाऊ द्या. पेशंट म्हणून नको."

मी हे फक्त सलीमभाईंना सांगितलं. ते हातातलं घड्याळ पुसत राहिले आणि म्हणाले, "मेरे को मालूम है. चार महिने से मेरे मजाक पे हँस रहे वो. पहले कभी हँसे क्या?"

शेवटच्या रविवारी सगळे आले. समोसे आले, इराणी चहाचे थर्मास आले. कुणीतरी हार आणला होता. मामांनी तो मल्लय्याच्या म्हशीच्या शिंगाला अडकवला आणि म्हणाले, "माझ्याहून जास्त माफ्या हिनं ऐकल्यात." सगळं अगदी नेहमीसारखं चाललं होतं. अनघाताई गाडीजवळ उभ्या होत्या, आणि मामांनी तोंड उघडलं की त्यांचा चेहरा ताणला जायचा, आता काय निघतंय म्हणून.

मग मामांनी बेगम आणली. रात्रभर बसून इंजिन खोललं, पुसलं, परत जोडलं, असं म्हणाले. ती त्यांनी गवतावर ठेवली आणि ट्रान्समीटर माझ्या हातात दिला. "आजपासून ही तुझी. सलीमभाईला दिली असती, पण ते तिला घड्याळासारखी खोलून ठेवतील. उडव. उतरव पण तूच. मी बघणार नाही, मला हार्ट आहे."

सगळे मागं सरकले. मी बेगमच्या मागं उभा राहिलो आणि दांडी उजवीकडं दाबली.

उजवी पट्टी खाली गेली.

मी पुन्हा दाबली. पुन्हा खाली. बेगम उलटी होती.

मी मामांकडं बघितलं. ते खुर्चीत बसून सरळ माझ्याकडं बघत होते. हवा खरोखरच लोण्यासारखी होती, आणि हवेबद्दल ते एक अक्षर बोलले नव्हते. डाव टाकल्यावर ते कधी गप्प बसत नसत. मामांच्या चेहऱ्यावर मला काहीच वाचता आलं नाही. काल रात्री इंजिन जोडून तपासताना ट्रान्समीटरच्या झाकणाखालचा खटका चुकून फिरला, आणि सलाम घ्यायचं राहून गेलं, असंही असेल. आयुष्यभर ज्यांनी पडलेला सिग्नल डोळ्यांनी बघितला, त्यांच्या हातून. सगळ्यांदेखत. पट्टी सलीमभाईंनीही पाहिली होती. त्यांनी समोसा तसाच कागदावर ठेवला.

"काय झालं?" मामांनी विचारलं. "सलाम देईना काय?"

मी गुपचूप खटका फिरवू शकलो असतो. पण मामा बघत होते, आणि मामांसमोर गुपचूप काही करता येत नसे. त्यांना कळलं असतं की मी त्यांना सांभाळून घेतोय. मी जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात म्हणालो, "मामा, जाताजातासुद्धा? निदान आज तरी सोडायचं होतं मला."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग सलीमभाई ओरडले, "उलटा कर दिये क्या? आप नइं सुधरते मामा, पुना जाके भी नइं सुधरते." आणि सगळे हसत सुटले. टाळ्या वाजल्या. मल्लय्याही हसला.

मामांनी माझ्याकडं बघितलं, मग सलीमभाईंकडं, मग हसणाऱ्या सगळ्यांकडं. बेगमकडं बघितलं.

"हौ," ते म्हणाले. "बघत होतो, शिकलास का."

"पकडलं मी. माफी मागा आता."

हे मी बोलायला नको होतं असं मला बोलताक्षणी वाटलं. पण नियम होता, आणि तो न पाळणं म्हणजे सगळं सांगून टाकणंच होतं. मामा उठले. कानटोपी काढली. हार घातलेल्या म्हशीपाशी चालत गेले. आम्ही त्यांच्या दरबारी सलामाची वाट बघत होतो, हसायच्या तयारीत.

ते वाकले नाहीत. हुजूर म्हणाले नाहीत. कानटोपी छातीशी धरून उभे राहिले आणि तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलले. बराच वेळ बोलले. हसू एकेक करून विझत गेलं. म्हैस त्या दिवशी उठून गेली नाही. शेवटी मामांनी तिच्या कपाळावर हात ठेवला, तिथं थोपटलं, आणि परत येऊन खुर्चीत बसले.

"मंजूर," ते म्हणाले. "आता उडव. हल्लू."

मी खटका फिरवला, पुन्हा सलाम घेतला आणि बेगम उडवली. विमान आपल्याकडं येत असतं तेव्हा त्याचं डावं-उजवं आपल्याला उलटं होतं, आणि दूर जात असतं तेव्हा सरळ असतं. नवा माणूस यातच मरतो. मामांनी मला हे एका जागी उभं करून, माझ्या अंगावर धावत येऊन आणि पाठ फिरवून पळत जाऊन शिकवलं होतं, पायातली चप्पल तुटेपर्यंत. मी बेगम उतरवली. दोनदा उसळली, पण उभी राहिली. मामा, बघणार नाही म्हणाले होते, ते सबंध वेळ बघत होते. "पडलं नाही," त्यांनी निकाल दिला. "जागा पण चुकली नाही. मग मजा काय?"

निघताना त्यांनी कुणाचा निरोप घेतला नाही. सलीमभाईंना फक्त म्हणाले, "घड्याळ पाच मिनिटं मागं आहे तुमचं." सलीमभाईंनी घड्याळ बघितलंसुद्धा नाही. "हौ मामा," म्हणाले. मग मामा गाडीत बसले, अनघाताईंनी गाडी सुरू केली, आणि मल्लय्याच्या म्हशी नेमक्या त्याच वेळी रस्ता ओलांडायला लागल्या. गाडी थांबली. आम्ही मागं धुळीत उभे.

डाव्या खिडकीतून मामांचा हात बाहेर आला. तळवा जमिनीकडं, बोटं जुळवलेली. पंखासारखा.

मला राहवलं नाही. "मामा, सलाम," मी ओरडलो. "उजवं."

हात डावीकडं कलला.

"डावं."

हात उजवीकडं कलला.

गाडी आमच्यापासून दूर जाणारी होती, आमचं आणि त्यांचं डावं-उजवं एकच होतं, त्यामुळं त्यांना दुसरा कुठला बहाणा नव्हता. "उलटं आहे मामा," मी ओरडलो, "उलटं." म्हशी सरल्या, गाडी हलली. हात आणखीच उलटा कलला, पार उभा होईपर्यंत, आणि तसाच खिडकीबाहेर, उन्हात, वळणापर्यंत दिसत राहिला.

"देखा?" सलीमभाई म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला होता. "क्या हवा है आज."